यादीत आधी काय, हे ठरवायचे कोणी?

नगरपालिकेच्या संकेतस्थळावर ‘निविदा’ हे पान उघडले की सर्वांत वर काय दिसते? बहुतेक ठिकाणी, काल संध्याकाळी जे चढवले गेले ते. त्याची मुदत उद्या संपते की पुढच्या महिन्यात, ते दोन कोटींच्या रस्त्याचे काम आहे की प्रिंटरच्या शाईचे, याचा त्या क्रमाशी काही संबंध नसतो. हा क्रम मुख्याधिकाऱ्यांनी ठरवलेला नसतो, संगणक विभागाने नाही, आणि वेबसाइट बांधून देणाऱ्या एजन्सीनेही नाही. तो सीएमएससोबत, म्हणजे संकेतस्थळाचा मजकूर चढवण्या-सांभाळण्याच्या तयार सॉफ्टवेअरसोबत, आयता आलेला असतो. असेच एक सॉफ्टवेअर म्हणजे वर्डप्रेस. ते 2003 मध्ये आले ते ब्लॉग लिहिणाऱ्यांसाठी: नवी नोंद वर, जुनी खाली, एका पानावर दहा. ब्लॉगला हे शोभते. तोच साचा आज निविदा, भरती, नगरसेवकांची यादी, रुग्णालयांची यादी आणि ठरावांची वही यांना जसाच्या तसा लावलेला आहे.

आमचे म्हणणे असे की सार्वजनिक संस्थेच्या संकेतस्थळावरचा नोंदींचा क्रम हा प्रशासकीय निर्णय आहे. तो यादीगणिक वेगळा विचार करून घ्यावा, लेखी नोंदवावा, आणि ‘मुदत लवकर संपणारे आधी’ अशी साधी ओळ यादीच्या माथ्यावर छापावी.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: लोक हवे ते शोधून घेतातच, क्रमाने काय फरक पडतो? फरक पडतो हे कायद्याने कधीच मान्य केले आहे. मतदान यंत्रावर उमेदवारांची नावे कशी लागावीत हे निवडणूक अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडलेले नाही. लोकप्रतिनिधित्व अधिनियम 1951 च्या कलम 38 मध्ये 1996 साली झालेल्या दुरुस्तीनंतर मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार आधी, मग नोंदणीकृत पण मान्यता नसलेल्या पक्षांचे, मग उरलेले, आणि प्रत्येक गटात वर्णानुक्रम, असा क्रम बांधून दिला आहे. 2013 पासून आलेला ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हा पर्याय सर्वांत शेवटी. दुसरे उदाहरण बाजारातले. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम 2020 नुसार मार्केटप्लेस चालवणाऱ्या कंपनीला वस्तू किंवा विक्रेते कोणत्या प्रमुख निकषांवर वर-खाली लावले जातात, ते लोकांना समजेल अशा भाषेत जाहीर करावे लागते. ऑनलाइन चपला विकणाऱ्याने क्रमाचा खुलासा करायचा आणि भरतीची जाहिरात लावणाऱ्या जिल्हा परिषदेने करायचा नाही, हे उलटेच झाले. माहिती अधिकार अधिनियम 2005 चे कलम 4 तर अभिलेखांची सूची आणि अनुक्रमणिका माहिती मिळणे सोपे होईल अशा रीतीने ठेवा, असे सरळ सांगते. चाळीस पानांची, फक्त चढवल्याच्या तारखेने लावलेली यादी ही अनुक्रमणिका नव्हे.

आता ‘नवे आधी’ यातली मेख पाहू. नवे म्हणजे कोणत्या तारखेने नवे? एका निविदेला किमान चार तारखा असतात: कागदावरची, संकेतस्थळावर चढवल्याची, शेवटच्या दुरुस्तीची आणि मुदत संपण्याची. सीएमएस आपण होऊन यातली फक्त दुसरी आणि तिसरी जाणते. पहिली आणि चौथी आपण स्वतंत्र रकाना करून दिल्याशिवाय तिला कळत नाही, म्हणून ती त्यांवर क्रम लावूही शकत नाही. मग कर्मचारी काय करतात? एखादी नोंद वर आणायची असली की तिची प्रकाशनाची तारीखच बदलतात. काम झाल्यासारखे वाटते, पण सूचना नेमकी कधी जाहीर झाली याचा दाखला त्या क्षणी खोटा ठरतो, आणि पत्त्यात तारीख असेल तर जुना दुवाही बदलतो. ‘जरा पुढची तारीख टाकून ठेवू, म्हणजे वरच राहील’ असे केले तर वर्डप्रेस त्या नोंदीला भविष्यात प्रकाशित होणारी समजते आणि ती दिवस उजाडेपर्यंत पानावरून गायब होते. निविदेबाबत वाद न्यायालयात गेला तर प्रकाशनाची तारीख हा पुरावा असतो. क्रमासाठी त्याला हात लावणे बंदच व्हायला हवे.

निविदा आणि भरती यांना योग्य क्रम एकच: मुदत सर्वांत लवकर संपणारी आधी, मुदत संपलेल्या नोंदी वेगळ्या ‘संपलेल्या’ यादीत, तिथे मात्र उलट क्रमाने. पुसून टाकायचे काहीच नाही. तांत्रिकदृष्ट्या हे डेटाबेसकडे मागितलेले दोन स्वतंत्र शोध आहेत, एक आजची तारीख किंवा तिच्या पुढचे, चढत्या क्रमाने. दुसरा आजच्या मागचे, उतरत्या क्रमाने. मात्र मुदतीचा रकाना भरताना शिस्त लागते. ‘15/08/2025’ असे मजकूर म्हणून लिहिले तर क्रम अक्षराअक्षराने लागतो आणि 1 डिसेंबर हा 15 ऑगस्टच्या आधी येतो. वर्ष, महिना, दिवस याच क्रमाने, 20250815 असे साठवले की प्रश्न मिटतो; पानावर दाखवताना हवे तसे दाखवा. कोणी देवनागरीत ‘२०२५०८१५’ भरले तर आणखी मजा. डेटाबेसला तो आकडा वाटतच नाही, त्याची किंमत तो शून्य धरतो आणि अशा सगळ्या नोंदी एका टोकाला गोळा होतात. आकडे देवनागरीत दिसावेत हा आग्रह योग्य आहे, पण तो दाखवण्याच्या पातळीवर पुरा करावा, साठवण्याच्या नव्हे.

याहून वाईट प्रकार असा की मुदतीचा रकाना रिकामा राहिलेली नोंद यादीतून पूर्ण नाहीशी होते. वर्डप्रेसमध्ये अशा जोड-रकान्यावर क्रम लावला की तो रकाना नसलेल्या नोंदी शोधातूनच गळतात. नोंद आहे, प्रकाशित आहे, तिचा थेट दुवा उघडतो, फक्त यादीत ती नाही. त्यामुळे रकाना सक्तीचा करणे, किंवा ‘रकाना आहे अथवा नाही’ अशा दोन्ही अटी शोधात देणे, यापैकी एक करावेच लागते.

शुद्धिपत्रकाचे काय? बहुतेक संकेतस्थळांवर मुदतवाढ ही स्वतंत्र नोंद म्हणून चढते. ‘नवे आधी’ क्रमात ती पहिल्या पानावर आणि मूळ निविदा चौथ्या पानावर. ज्याने मूळ निविदा आधीच उतरवून घेतली आहे, किंवा जो शोधयंत्रातून थेट मूळ नोंदीवर येतो, त्याला मुदत वाढल्याचे कळतच नाही. हा क्रमाचा दोष वाटतो, पण मूळ चूक रचनेची आहे. शुद्धिपत्रक मूळ नोंदीच्या पोटात जोडले पाहिजे आणि मूळ नोंदीची मुदत बदलली पाहिजे. मुदतीवर क्रम असेल तर ती नोंद आपोआप नव्या जागी सरकते, कोणी काही करावे लागत नाही.

जुन्या संकेतस्थळावरून नव्यावर नोंदी हलवताना आणखी एक गोष्ट हमखास घडते. शेकडो नोंदी एकाच वेळी आत येतात आणि सगळ्यांवर एकच तारीख बसते. क्रमाच्या रकान्यात किंमत सारखी असेल तर मायएसक्यूएल (वर्डप्रेस ज्यावर चालते तो डेटाबेस) त्या ओळी कोणत्याही क्रमाने देऊ शकते, आणि पहिल्या पानाला एक तर दुसऱ्या पानाला दुसरा क्रम देऊ शकते. परिणाम: पहिल्या पानावरची नोंद दुसऱ्या पानावर पुन्हा दिसते आणि एखादी कुठल्याच पानावर येत नाही. तक्रार आली की सगळे कॅशला, म्हणजे पानाच्या साठवून ठेवलेल्या जुन्या प्रतीला, दोष देतात. उपाय एका ओळीचा आहे. क्रमाला दुसरी कसोटी म्हणून नोंदीचा अंगभूत क्रमांक जोडायचा, जो कधीच दोघांचा सारखा नसतो. वर्डप्रेसमध्ये आवृत्ती 4.0 पासून अशा अनेक कसोट्या एकापाठोपाठ देता येतात. हे न करणारा विकसक आळशी आहे असेच म्हणावे लागेल.

हाताने क्रम लावणे हा मार्ग लोकांना फार आवडतो, कारण तो दिसायला सोपा आहे: ओळ उचला, वर ठेवा. वर्डप्रेसच्या डेटाबेसमध्ये प्रत्येक नोंदीला ‘मेनू ऑर्डर’ नावाचा आकडा असतो, मुळात शून्य. पानांच्या संपादनात तो दिसतो, साध्या पोस्टमध्ये दिसत नाही. अधिकाऱ्यांच्या यादीला 1, 2, 3 असे आकडे दिले आणि आयुक्त, अतिरिक्त आयुक्त, उपायुक्त नीट लागले. मग कोणीतरी कनिष्ठ लिपिकाची नवी नोंद टाकली, आकडा भरायचे विसरला, आणि शून्य हा एकापेक्षा लहान असल्यामुळे लिपिक आयुक्तांच्या वर जाऊन बसला. म्हणून नव्या नोंदीला आपोआप 9999 मिळेल अशी सोय करावी आणि आकडे 10, 20, 30 असे अंतर ठेवून द्यावेत, म्हणजे मध्ये कोणी आले तर 15 देता येतो, सगळी यादी खालीवर करावी लागत नाही. दुसरी अडचण याहून खोल आहे. नोंद एक, आकडा एक, पण ती दोन याद्यांत येते. ‘आरोग्य’ विभागात जी योजना पहिली हवी ती ‘महिला व बालकल्याण’ मध्ये पाचवी हवी असेल तर एका आकड्याने दोन्ही साधत नाही. एका कर्मचाऱ्याने एक यादी नीट केली की दुसऱ्याची बिघडते आणि दोघेही एकमेकांना दोष देतात. ड्रुपल या दुसऱ्या सीएमएसमध्ये ओढून क्रम लावण्याच्या जोड-मॉड्यूलने प्रत्येक यादीचा क्रम वेगळा साठवता येतो. वर्डप्रेसमध्ये त्यासाठी वेगळा रकाना करावा लागतो. जुमला या तिसऱ्या सीएमएसमध्ये तर मागच्या बाजूला ओळी ओढून नीट लावल्या तरी पुढच्या पानावर काही हलत नाही, कारण तिथल्या मेनूच्या रचनेत ‘सर्वांत नवे आधी’ निवडलेले असते.

पण हाताच्या क्रमाला आमचा खरा विरोध तांत्रिक कारणाने नाही. यंत्राने लावलेल्या क्रमाचा नियम विचारता येतो. हाताने लावलेल्या क्रमाचा नियम लावणाऱ्याच्या डोक्यात असतो आणि त्याची बदली झाली की तोही जातो. म्हणून हाताचा क्रम दहा-पंधरा नोंदींपुरता ठेवावा, त्यापुढे नाही. नोंद वर चिकटवण्याची सोयही अशीच बेताने वापरावी: एका वेळी तीन, आणि प्रत्येकीला काढण्याची तारीख. वर्डप्रेसच्या मूळ सोयीत ही तारीख नाही, त्यामुळे दोन वर्षांपूर्वीची पूरसूचना डिसेंबरातही वर दिसत राहते. शिवाय ती नोंद मुख्य यादीच्या पहिल्याच पानावर वर येते, विभागाच्या पानावर येत नाही, आणि ती दहाच्या हिशेबात धरली जात नसल्याने पान कधी अकरा तर कधी तेरा नोंदींचे होते.

आता वर्णानुक्रम. इथे मराठी संकेतस्थळांची जी दैना आहे ती इतर कुठल्याही बाबतीत नाही, आणि ती खपवून घेतली जाते याचे आश्चर्य वाटते. मराठी पानावरचा जिल्ह्यांचा ड्रॉपडाउन उघडून पाहा. अकोला, अमरावती, बीड, भंडारा, बुलढाणा, चंद्रपूर, धुळे, गडचिरोली असा क्रम अनेक ठिकाणी आजही दिसतो. ही इंग्रजी नावांची यादी आहे, वर फक्त देवनागरीचा मुलामा. वर्ध्याचा माणूस ‘व’ पाशी शोधत जातो आणि त्याचा जिल्हा सापडतो ठाण्याच्या खाली, कारण डब्ल्यू तिथे येतो. मराठीत ठाणे जालन्यानंतर यायला हवे आणि 36 जिल्ह्यांत शेवटचा हिंगोली.

समजा, कोणी कष्ट घेऊन मराठी क्रम हाताने लावला: अकोला 1, अमरावती 2, अहमदनगर 3, उस्मानाबाद 4, औरंगाबाद 5. पुढे नावे बदलली. अहिल्यानगर योगायोगाने तिसऱ्या जागी बरोबरच बसते, पण धाराशिव चौथ्या आणि छत्रपती संभाजीनगर पाचव्या जागी कोल्हापूरच्या आधी अडकून राहते. आकडा नावाला नव्हे, नोंदीला चिकटलेला असतो. वर्णानुक्रम ही मोजायची गोष्ट आहे, साठवायची नव्हे, हे इथे लख्ख दिसते.

मग यंत्राला सांगितले की शीर्षकाने लाव, तर ते तरी बरोबर लावते का? नाही. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकासाठी प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या प्रणालीत, ‘ळ’ चा संकेतांक ‘ल’ च्या लगेच नंतर, ‘व’ च्या आधी आहे. मराठी वर्णमालेत तो ‘ह’ नंतर येतो. त्यामुळे वडूज, वसई, वळसंग हा मराठी क्रम यंत्राच्या लेखी वडूज, वळसंग, वसई असा होतो. ‘ज्ञ’ हा यंत्रासाठी ज, हलन्त आणि ञ यांचा जोड, म्हणून ज्ञानदीप वाचनालय जोशी वाचनालयानंतर आणि ‘झ’ च्या आधी येते. शाळेत शिकलेला वाचक ते यादीच्या तळाशी शोधतो. क्ष आणि ज्ञ शेवटी ठेवायचे की क आणि ज मध्ये, याबद्दल शब्दकोशांतही दोन रीती आहेत. कोणतीही घ्या, पण सगळ्या याद्यांना एकच लावा. ‘ॲ’ ची कहाणी वेगळीच. हे अक्षर युनिकोडमध्ये 2008 च्या आवृत्तीत आले आणि महाराष्ट्र शासनाच्या 2009 च्या वर्णमालेविषयीच्या निर्णयात ॲ आणि ऑ या दोन्हींना जागा मिळाली. पण त्याचा संकेतांक ‘ह’ च्याही पलीकडे, देवनागरी आकड्यांनंतर आहे. जुन्या टंकलेखनात हेच अक्षर ‘अ’ वर चंद्र देऊन लिहिले जाई. दिसायला दोन्ही सारखी, पण संकेतांकावर क्रम लावला तर एक ‘ॲम्ब्युलन्स सेवा’ यादीच्या माथ्यावर आणि दुसरी तळाला. नोंद जतन करतानाच अशी सगळी रूपे एका रूपात आणणे हा यावर उपाय.

हे सुटण्यासारखे आहे, आणि फार खर्चाचेही नाही. मराठीसाठी वेगळे क्रमनियम युनिकोडच्या स्थानिक माहितीसंचात आहेत आणि आयसीयू नावाच्या मुक्त सॉफ्टवेअर-संग्रहातून ते वापरता येतात. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये आवृत्ती 10 पासून शोधातच मराठी आयसीयू क्रम मागता येतो. मायएसक्यूएलमध्ये स्वीडिश, डॅनिश, चेक यांचे स्वतंत्र क्रम आहेत, मराठीचा नाही. म्हणून वर्डप्रेस, जुमला यांवर चालणाऱ्या संकेतस्थळांना वळसा घ्यावा लागतो: नोंद जतन होताना पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेच्या ‘इंटल’ विस्तारातील कोलेटर या क्रम लावणाऱ्या साधनाकडून शीर्षकाची क्रमकळ, म्हणजे क्रम ठरवणारी संकेतमालिका, काढायची, ती वेगळ्या रकान्यात ठेवायची आणि यादी त्या रकान्यावर लावायची. स्वस्त होस्टिंगवर हा विस्तार बसवलेला नसू शकतो, ते आधी पाहावे. आयसीयूची आवृत्ती बदलली की कळा पुन्हा काढाव्यात, नाहीतर जुन्या आणि नव्या नोंदी दोन वेगळ्या नियमांनी लागतात.

कळ कशाची काढायची हेही ठरवावे लागते. शीर्षक ‘डॉ.’, ‘श्री.’, ‘कै.’, ‘ह.भ.प.’, ‘मौजे’ यांनी सुरू होत असेल तर सगळी गावे ‘म’ खाली आणि सगळे डॉक्टर ‘ड’ खाली जमतात. दाखवायचे नाव आणि क्रमासाठीचे नाव असे दोन रकाने हवेत. दाखवताना ‘मौजे वडगाव खुर्द’, क्रमासाठी ‘वडगाव खुर्द’. ग्रंथपालांना हे शतकभरापासून ठाऊक आहे. वेबसाइट बांधताना त्यांना कोणी विचारत नाही, एवढेच.

वर्णानुक्रम निःपक्षपाती असतो हाही एक गोड समज आहे. खाजगी रुग्णालये, बचत गट, कारागीर, प्रकाशक अशा जिथे सगळ्यांचा हक्क समान आणि वरच्या जागेचा फायदा पैशांत मिळतो, तिथे ‘अ’ वरून नाव ठेवणारा कायम जिंकतो. ‘सर्वाधिक पाहिलेले आधी’ हा क्रम तर त्याहून वाईट, कारण वर असलेलेच पाहिले जाते आणि पाहिलेले वर राहते. अशा याद्यांना फिरता क्रम द्यावा. मात्र दर वेळी नव्याने यादृच्छिक क्रम काढला तर पान दोनवर गेल्यावर यादी बदलते. त्या दिवसाच्या तारखेपासून बनवलेला एकच बीजांक, म्हणजे यादृच्छिक क्रम ज्यावरून निघतो तो आकडा, वापरला की दिवसभर क्रम स्थिर राहतो आणि उद्या बदलतो. वर्डप्रेस असा बीजांक 4.5 पासून घेते. यादीवर लिहावे: ‘क्रम रोज बदलतो’.

अंध वाचकांचा मुद्दा थोडक्यात. काही थीम, म्हणजे संकेतस्थळाचे तयार साचे, पानावरची मांडणी सीएसएसने, म्हणजे सजावटीच्या सूचनांनी, वर-खाली करतात. डोळ्यांना क्रम बदललेला दिसतो, पण पान मोठ्याने वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर मूळ क्रमानेच वाचतो. वेब सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांत अर्थपूर्ण क्रम ही सर्वांत खालच्या, म्हणजे ‘ए’ पातळीची अट आहे. क्रम डेटाबेसच्या शोधात बदला, सजावटीत नव्हे.

यातले बहुतेक दोष संकेतस्थळाच्या निविदेतच पेरलेले असतात. तिच्या तपशिलात पाने किती, भाषा किती, सर्व्हर कुठे हे असते. क्रमाबद्दल एक वाक्य नसते. ते घालायला हवे, आणि तपासता येईल असे. प्रत्येक यादीसाठी पहिली आणि दुसरी कसोटी, रिकाम्या रकान्याचे काय होईल, चिकटवलेल्या नोंदींची कमाल संख्या आणि मुदत, हे एका तक्त्यात लिहावे. काम ताब्यात घेताना एजन्सीला वीसेक नावांची चाचणी यादी द्यावी: वडूज, वसई, वळसंग; दोन्ही प्रकारे लिहिलेली ॲम्ब्युलन्स; ज्ञानदीप, क्षितिज; मौजे लागलेले एक गाव; सारख्या तारखेच्या बारा नोंदी, म्हणजे दुसरे पान तयार होईल; मुदतीचा रकाना रिकामा असलेली एक. ती कशी लागली पाहिजे याचा छापील क्रम आधीच सोबत जोडावा, आणि तो जुळेपर्यंत शेवटचा हप्ता रोखून धरावा.